बावडीवरचा शिक्का

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी एक स्मरणिका काढली. तिच्यात माझ्याविषयी दीड रकान्याचा मजकूर आणि एक छायाचित्र आहे. मजकूर माझी स्तुती करतो. तो लिहिणारा गृहस्थ त्या काळी एका हाउसचा कप्तान होता. आता जयपूरच्या सी-स्कीमसारख्या महागड्या वस्तीत त्याचे स्वतःचे कार्यालय आहे आणि शाळेच्या प्रत्येक समारंभात त्याला पहिल्या रांगेत बसवतात. त्याने लिहिले आहे की, सरांनी तत्त्वासाठी पोटच्या मुलाला शर्यतीतून बाद केले आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला भर मंचावर मिठी मारून ते रडले.

मी मिठी मारली नाही. मी रडलो नाही. आणि तत्त्वाचा या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता. खोटी स्तुती ही निंदेहून उद्धट असते; निंदा करणारा निदान आभारांची अपेक्षा ठेवत नाही.

त्या प्रसंगाच्या आणखीही हकिकती फिरत आहेत. एक आमच्या पी.टी. मास्तरांची, एक माझ्या पत्नीची, आणि एक, सर्वांत गोड आणि म्हणूनच सर्वांत चुकीची, खुद्द माझ्या मुलाची. मी आता बहात्तर वर्षांचा आहे. शिक्का माझ्या हातात होता. माझी हकिकत सर्वांत उशिरा येत आहे हे मला मान्य आहे. पण यानंतर कोणाला काही बोलायचे असेल तर त्याला आधी हिच्याशी सामना करावा लागेल.

जयपूरबाहेर, मालवीय नगरमागच्या टेकड्या ओलांडल्या की आमची शाळा. मुलांची, निवासी. मी तिथे सव्वीस वर्षे गणित शिकवले आणि परीक्षा विभाग सांभाळला. शिक्षकांची क्वार्टर्स आवारातच होती, त्यामुळे माझ्या मुलाचे सारे बालपण त्या शाळेच्या घंटेवर गेले. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षे होती. शिक्षकांच्या खिशात मोबाइल आले होते. मुलांच्या खिशात सापडले की जप्त होत.

दसरा आणि दिवाळी यांच्या मध्ये एक शुक्रवार ते रविवार शाळेत शरदोत्सव असे. घोडेस्वारी, बँड, प्रश्नमंजूषा, चित्रकला, मातीकाम, एकांकिका, विज्ञानाचे तक्ते. सकाळी स्वेटर लागे आणि दुपारी तोच कमरेला बांधावा लागे. पालक शहरातून गाड्या भरभरून येत. राजा पार्कातल्या कचोऱ्यांची तेलकट खोकी घोड्यांच्या मैदानाभोवती पडलेली असत. मुख्याध्यापक दरवर्षी माइकवर सांगत की, हे तीन दिवस म्हणजे मुलांच्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे दिवस. मी परीक्षा विभागात होतो. मुले कधी आणि किती रडतात हे मला चांगले ठाऊक होते. वार्षिक परीक्षेच्या आठवड्यापेक्षा या तीन दिवसांत अधिक रडणे होई. प्रश्नमंजूषेत चुकलेल्या मुलाला त्याच्याच हाउसची मुले जेवणघरात भिंतीकडे तोंड करून जेवायला लावत. संचलनात काठी हातून सुटलेल्या ढोलवाल्याला आठवडाभर कोणी नावाने हाक मारत नसे. तो नुसता ‘ढप्’ असे. शिक्षकांना हे दिसे. याला हाउसची भावना म्हणत.

शनिवारी सकाळी क्रॉस-कंट्री शर्यत असे, आणि सर्व हाउसेसच्या फिरत्या ढालीचा निकाल बहुधा तीवरच लागे. मागच्या फाटकातून निघायचे, कापलेल्या बाजरीच्या शेतांच्या कडेने टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या ओसाड बावडीपर्यंत, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीपर्यंत, जायचे, तिला वळसा घालून परतायचे. पूर्वी बावडीवर कोणीच नसे, आणि चलाख मुले अर्ध्या वाटेतल्या खोपटामागे लपून परतणाऱ्यांत मिसळत. मी एक पद्धत घालून दिली. बावडीपाशी एक टेबल, त्यावर जांभळ्या शाईचे पॅड आणि परीक्षा विभागाचा ‘जाँचा गया’, म्हणजे ‘तपासले’, हा शिक्का. मुलाने यायचे, थांबायचे, डावे मनगट उताणे करून पुढे धरायचे. शिक्का उमटला की पळायचे. शेवटच्या रेषेवर पी.टी. मास्तर मनगटे पाहत. शिक्का नसेल तर धावणे रद्द. नावे विचारायची नाहीत, यादी ठेवायची नाही, वाद घालायचा नाही. पहिल्या बारांत येणाऱ्यांना ब्लेझरवर लावायला बिल्ला मिळे. मुले तो शिक्का चार-चार दिवस धूत नसत.

त्या वर्षी माझा मुलगा नववीत होता. जुलैत मी त्याला क्वार्टरमधून काढून डॉर्मिटरीत ठेवले. आईच्या हातचे खाऊन, घरच्या गादीवर झोपून दिवसा शाळेत येणारा मुलगा त्या शाळेचा कधी होत नाही असे माझे मत होते आणि आहे. ट्रंक उचलताना मी त्याला एकच गोष्ट सांगितली. “क्वार्टरच्या उंबऱ्याबाहेर मी तुझा सर. बाबा नाही.” तो म्हणाला, “हो, बाबा.” मी त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, “हो, सर.”

डॉर्मिटरीतल्या मुलांनी त्याला पहिल्याच आठवड्यात ‘खबरी’ हे नाव दिले. मास्तरचा मुलगा म्हणजे मास्तरचा हेर. तो आत आला की बोलणे थांबे. त्याच्या गादीवर पाणी ओतले जाई, पण ते किरकोळ. त्यांच्या कप्तानाने, म्हणजे स्मरणिकेतल्या याच गृहस्थाने, एक नियम केला होता. माझ्या मुलाने डॉर्मिटरीत शिरण्याआधी दारात उभे राहून मोठ्याने ओरडायचे, “खबरी आ रहा है!” आणि आतून कोणी ‘आने दो’ म्हणेपर्यंत बाहेर थांबायचे. कधीकधी ‘आने दो’ यायला पाऊण तास लागे. स्मरणिकेच्या दीड रकान्यात याला जागा झालेली नाही.

मला हे ठाऊक होते. मी एकदा संध्याकाळी व्हरांड्यातून जाताना त्याला दारात उभे पाहिले. त्याने मला पाहिले. तो माझ्याकडे आला नाही, मी त्याच्याकडे गेलो नाही. चार महिने त्याने माझ्यापाशी एक शब्द काढला नाही, आईपाशीही नाही. मला त्याचा अभिमान वाटला होता. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे झाले ते मला त्याची लाज वाटत होती म्हणून झाले, असे माझ्या पत्नीचे म्हणणे होते.

धावण्यात तो चांगला होता. शर्यतीच्या आदल्या रविवारी जेवायला घरी आला, तेव्हा ताटावर मान घालून आईला म्हणाला, “आई, मतलब बारामध्ये आलो ना, तर कप्तान म्हणालाय की दारात ओरडायचं बंद.”

“दारात काय ओरडायचं?” तिने विचारले.

“काही नाही,” तो म्हणाला.

त्याला काय हवे होते हे मला अशा रीतीने पक्के माहीत होते. पुढच्या शनिवारी सकाळी त्याचे मनगट माझ्यासमोर आले तेव्हाही माहीत होते.

आदल्या संध्याकाळी मी पॅडवर शाई आणि ग्लिसरीनचे थेंब सोडले होते. पी.टी. मास्तर, हे एक निवृत्त सुभेदार, शर्यतीनंतर स्टाफरूममध्ये सर्वांना सांगत सुटले की, स्याही सूख गई थी, इसलिए बच्चे के हाथ पर नहीं आई. त्यांनी हे दयेपोटी सांगितले असणार. आता ते आपल्या गावी असतात आणि फोनवर अजूनही शाईच सांगतात. माझे पॅड इतक्या वर्षांत कधीही वाळलेले नव्हते. दया दाखवायची असेल तर ती माझ्या कामाला निष्काळजी ठरवून दाखवू नये.

पहिला मुलगा आला, मग दोघे, मग पाच जणांचा घोळका. मनगट, शिक्का, “चलो.” मनगट, शिक्का, “चलो.” नंतर जरा उसंत. मग बाजरीच्या धसकटांतून माझा मुलगा येताना दिसला. नववा. त्याच्यामागे दहा-बारा पावलांवर कप्तान आणि आणखी एक मुलगा. तो थांबला, मनगट उताणे करून पुढे धरले. मी शिक्का उचलला. आणि तो हसला. हसून, धापा टाकत, मागच्या दोघांना स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “बाबा, लवकर!”

मी शिक्का पॅडवर परत ठेवला.

“लाइन से आओ,” मी म्हणालो.

तो पुढेच होता. लाइनीत तोच पहिला होता. मी त्याच्या हाताच्या बाजूने हात घालून कप्तानाचे मनगट ओढले आणि शिक्का मारला. मग तिसऱ्याचे. तोपर्यंत पुढचा घोळका येऊन पोचला होता. माझ्या मुलाचा हात अजून पुढेच होता. तीन मनगटे झाली, चार झाली. हसू कधी गेले ते मी पाहिले नाही. पाचव्या मनगटाला त्याने हात मागे घेतला, वळला आणि धावत सुटला.

याला रागाचा झटका म्हणून सोडून देणारे लोक मला भेटले आहेत. झटका असता तर तो तिथेच संपला असता. शेवटचा मुलगा वळल्यावर शिपायाने टेबल डोक्यावर घेतले, मी पॅड आणि शिक्का घेतला, आणि आम्ही परत निघालो. बावडीपासून मैदानापर्यंत वीस मिनिटांची चाल आहे. त्या वीस मिनिटांत मी त्याच एका गोष्टीचा विचार केला आणि माझे मत बदलले नाही.

मैदानावर सर्व हाउसेस वर्तुळ करून उभी होती. पालकही होते. माझा मुलगा सुभेदारांच्या टेबलापाशी एकटा उभा होता. तो सातवा आला होता. बावडीवर एवढा वेळ गेल्यावरही त्याने परतीच्या वाटेवर कप्तानाला आणि आणखी सहा जणांना मागे टाकले होते.

“मास्टर साहब,” सुभेदार मोठ्याने म्हणाले, “आपका लड़का बावड़ी तक आया था?”

“मुहर है?” मी विचारले.

“हाथ ख़ाली है. कह रहा है, सर से पूछ लीजिए.”

“नियम मुहर का है. मेरी आँख का नहीं.”

सुभेदार टेबलाला वळसा घालून माझ्या कानाशी आले. “साहब, एक बार हाँ कह दो. बच्चा है.”

“मी जे सांगायचे ते सांगितले,” मी म्हणालो. ते मराठीत बोलून गेलो हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले. मग त्यांनी लाल पेन्सिलीने त्याच्या क्रमांकावर रेघ मारली. तो सातवा क्रमांक गेल्यामुळे त्याच्या हाउसची ढाल गेली.  मुलाने माझ्याकडे पाहिले नाही. त्याने आपले कोरे मनगट पाठीमागे घेतले आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवले.

माझ्या पत्नीचा दरवर्षी साबुदाणा वड्यांचा स्टॉल असे. बँकेत आणि विम्यात बदलून आलेल्या मराठी कुटुंबांतल्या दोघी-तिघी तिला मदतीला येत. मी तिथे पोचण्याआधी बातमी पोचली होती. तिचे हात भिजवलेल्या साबुदाण्यात होते.

“अहो, तुम्ही त्याला ओळखलं नाहीत?”

“ओळखलं.”

“मग?”

“शिक्का नव्हता.”

“शिक्का कोणाच्या हातात होता?”

शेजारच्या बाई कढईत वडा सोडता सोडता थांबल्या.  पत्नीने वडे काढले, कागदावर ठेवले, समोर थांबलेल्या एका पालकाला चटणीसकट दिले आणि मग अगदी हळू म्हणाली, “त्यानं चारचौघांत बाबा म्हटलं, ते तुम्हाला लागलं. हो ना?”

तिला कोणी सांगितले होते ते मला कळले नाही. मरेपर्यंत तिचे हेच म्हणणे राहिले: मला त्या मुलाचा बाप असण्याची लाज वाटत होती. ती आता वाद घालायला नाही, म्हणून तिची बाजू जशीच्या तशी दिली. पण ती चूक आहे. लाज नव्हती. चार महिने त्या मुलाने एकही सवलत मागितली नव्हती, आणि त्याने ती मागितली असती तरी मी दिली नसती, हे आम्हा दोघांत न बोलता ठरलेले होते असे मी समजत होतो. त्या सकाळी तो हसला, आणि त्या हसण्यात सवलत गृहीत धरलेली होती. मला वाटले, म्हणजे इतके दिवस हा वाटच पाहत होता. त्याला ते हसू महाग पडावे असे मला वाटले. इतकेच. याला कोणी तत्त्व म्हणू नये आणि लाजही म्हणू नये.

रविवारी दुपारी उत्सवाचा शेवट खुल्या रंगमंचावर होई. शेवटचा कार्यक्रम ठरलेला: मुलांनी शिक्षकांच्या नकला करायच्या. त्याला एक अट होती. ज्याची नक्कल चालू असेल त्या शिक्षकाने जागेवरून उठायचे नाही, आणि नक्कल संपली की मंचावर जाऊन नकलाकाराशी हात मिळवायचा. रसायनवाल्यांची नक्कल झाली, ग्रंथपालांची झाली. मग पडदा सरकला आणि माझा तपकिरी कोट मंचावर आला.

कोट माझा होता. मफलर माझा होता. चष्म्याची डबीसुद्धा माझी होती. आत माझा मुलगा होता. हे सगळे क्वार्टरमधून त्याला कोणी दिले हे विचारण्याची गरज नव्हती. पत्नी माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसली होती.

त्याच्यापुढे टेबल, टेबलावर ताटलीत जांभळा रंग आणि हातात अर्धा चिरलेला बटाटा. मुले एकेक येऊ लागली. एक धापा टाकत आला, “सर, पानी!” माझा मुलगा माझ्याच आवाजात म्हणाला, “लाइन से आओ.” पाणी मागणारा मरून पडला. “पहले मुहर, फिर अंतिम संस्कार,” म्हणत मुलाने प्रेताच्या मनगटावर बटाटा मारला. एक मुलगा ओढणी घेऊन आला, “अजी, मैं आपकी पत्नी!” “मुहर दिखाओ.” लोक खुर्च्यांवरून पुढे झुकून हसत होते. माझी पत्नीही हसली. मुख्याध्यापकांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

मग कप्तान आला. तोच, आदल्या दिवशीचा दहावा. त्याने अर्धी चड्डी घातली होती आणि तोंड बावळट केले होते. तो टेबलासमोर थांबला, मनगट उताणे करून पुढे धरले, हसला आणि मोडक्या मराठीत म्हणाला, “बाबा, लवकर!”

माझ्या मुलाने त्या मनगटाकडे पाहिले. बटाटा उचलला. थोडा वेळ हवेत धरला. मग ताटलीत परत ठेवला.

“मैं आपको नहीं जानता,” तो म्हणाला. “लाइन से आओ.”

मी शाळेत असताना तो रंगमंच इतका कधी गाजला नाही. मुले बाकांवर उभी राहिली. मला मात्र त्या गोंगाटात एकच गोष्ट कळली: शिक्का उचललेला आणि परत ठेवलेला त्याने पाहिला होता.

मी मंचावर गेलो. अट होती. हात पुढे केला. त्याने माझ्या कोटाच्या बाहीतून हात बाहेर काढला, पण मिळवायला म्हणून काढतात तसा नाही. मनगट उताणे करून. मी तो उलटा धरला आणि हलवला. त्याच्या बोटांवरचा बटाट्याचा रंग माझ्या तळव्याला लागला. स्मरणिकेतले छायाचित्र त्या क्षणाचे आहे. त्यात माझी मान खाली आहे म्हणून मी रडतो आहे असे कप्तानाने ठरवले. मी तळवा पाहत होतो. त्याच्या खांद्यावर माझा दुसरा हात दिसतो, त्यावरून मिठी ठरवली गेली. मी कोट परत मागत होतो.

तो मला मिळाला नाही. मुलांनी त्याला कोटासकट खांद्यावर उचलले आणि डॉर्मिटरीकडे नेले. ज्याचा बाप त्याला ओळखत नाही, तो खबरी कसा असेल! त्या संध्याकाळपासून त्याने दारात ओरडणे थांबवले. रविवारचे जेवण शिक्षकांच्या मुलांना घरी घेता येत असे. त्या रविवारी तो आला नाही. त्याच्या आईने ताट वाढून ठेवले, झाकून ठेवले, मग स्वतः जेवली. पुढच्या रविवारी आला, पाटावर बसला आणि म्हणाला, “सर, मीठ द्या.”

तेव्हापासून आजवर त्याने मला सरच म्हटले आहे. उंबऱ्याच्या आत, बाहेर, लग्नात, आईच्या अंत्यविधीत. पाहुण्यांना हे फार लोभस वाटते.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत तो बंगळुरूहून माझ्या मालवीय नगरच्या फ्लॅटवर आला. आठ वर्षांची मुलगी बरोबर. जेवताना ती मला म्हणाली, “आजोबा, तुम्ही बाबाला रेसमध्ये मुद्दाम आउट केलंत ना? मतलब, त्याला फ्रेंड्स मिळावेत म्हणून?”

मी मुलाकडे पाहिले. तो भात कालवत होता.

“नाही,” मी म्हणालो. “मला राग आला होता.”

“बघ, म्हटलं नव्हतं?” मुलगा तिला म्हणाला. “सर कधीच कबूल करणार नाहीत.”

ती माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहू लागली की पुढे काही बोलायला जागाच राहिली नाही. जेवण झाल्यावर तिने शिक्का पाहायला मागितला. तो माझ्या खणात आहे. पॅडवर मी थोडे पाणी टाकले. “थांबा, मी लाइनमध्ये येते,” म्हणून ती दारापर्यंत मागे गेली, एकटीचीच रांग करून उभी राहिली, मग पुढे आली आणि मनगट उताणे करून धरले. मी शिक्का मारला. फिकट उमटला, पण उमटला. माझा मुलगा उठून बाल्कनीत गेला आणि ती झोपायला जाईपर्यंत आत आला नाही. ज्यांना माझ्या मुलाची हकिकत खरी वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे.

हे लिहून झाल्यावर मी त्याला फोन केला. म्हणालो, तुझ्या मुलीला तू जे सांगितले आहेस ते मी खोडले आहे.

“राहू द्या ना, सर.”

“मी तुला पाहिलं होतं. शाई ओली होती.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “तुम्ही शिक्का उचलला होता. मग खाली ठेवला. मला वाटलं, थांबलो तर तुम्ही परत उचलाल. पाच जणांपर्यंत थांबलो.”

“मग मुलीला खोटं का सांगितलंस?”

“तिला एक आजोबा हवे होते. मतलब, शाळेत सांगता येतील असे.” नंतर म्हणाला, “छापा तुम्ही. ती मराठी वाचत नाही.”

“हिंदीमुळे देवनागरी येते तिला,” मी म्हणालो. “सावकाश वाचेल, पण वाचेल.”

 मग तो म्हणाला, “ठीक आहे, सर,” आणि त्याने फोन ठेवला.

शाई ओली होती. शिक्का उचललेला होता. तो मी खाली ठेवला. या तिन्ही मुद्द्यांवर आता त्याचे आणि माझे एकमत आहे.